पोशा सांगायचा तो पिक्चर

ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत वीस-बावीस घरांचा पाडा आहे. तिथल्या पोशाला हिंदी येत नाही. 'इधर', 'उधर' आणि 'कितना' एवढ्या तीन शब्दांवर त्याने कर्जतच्या बाजारात चाळीस वर्षं करवंदं आणि कंद विकले. कुणाच्या बापाला फसला नाही. तेव्हा चौथा शब्द शिकावा असं त्याला कधी वाटलंच नाही.

गरज पडली ती नातीमुळे. पारू तीन वर्षांची असताना तिची आई सुनिता, म्हणजे पोशाची एकुलती एक लेक, तापाने गेली. बाप जगदीश रसायनीला कंपनीत कामाला. पोरीला आजाकडे ठेवून तो महिन्याकाठी येत राहिला. माणूस वाईट नव्हता, पण लेकीशी काय बोलावं हे त्याला सुचायचं नाही. एकदा येताना त्याने आपला जुना मोबाईल आणला. त्यात एकच पिक्चर होता, चित्रांचा आणि हिंदीतला. कानाचं टोक पांढरं असलेली एक कोल्हीण, तिचं पिल्लू आणि एक म्हातारं कासव.

आजा-नातीला हिंदीचा गंध नाही. मग पोशानेच चित्रं बघून गोष्ट सांगायला घेतली. आणि काय सांगायचा! त्याच्या कोल्हिणीला कुठला कंद खाजरा आणि कुठला गोड ते ठाऊक होतं. पिक्चरमधल्या डोंगरावर बर्फ पडला की पोशा छातीठोकपणे म्हणायचा, "राब भाजलाय कुनीतरी, त्याची राख उडतेय." भाताच्या रोपांसाठी जमीन भाजली की उडणारी राख पारूने पाहिलेली होती, त्यामुळे तिलाही ते पटायचं. जन्मात बर्फ न पाहिलेल्या माणसाने आणखी काय म्हणावं?

गोष्टीचे दोन नियम त्याला त्याच्या आईने घालून दिले होते. ऐकणाऱ्याने हूं म्हणत राहायचं. हूं थांबलं की सांगणाऱ्याने थांबायचं. आणि गोष्टीत ज्याला घरातून बाहेर काढलं, त्याला परत घरी आणल्याशिवाय उठायचं नाही.

पिक्चरमध्ये मध्येच नदीला पूर यायचा, पिल्लाला काठावर ढकलून कोल्हीण दिसेनाशी व्हायची. "पल्याड गेली कंदाला," पोशा सांगायचा. पारू म्हणायची, हूं. पिल्लू कासवाजवळ राहायचं, भटकायचं, आणि अगदी शेवटी, पांढऱ्या टोकाच्या कानाची कोल्हीण डोंगर उतरून बिळापाशी यायची. "आली बग आय!" पोशा टाळी वाजवायचा. त्याने हे पोरीला बरं वाटावं म्हणून रचलेलं नव्हतं. त्याला खरोखरच तसं दिसलं होतं. सुनिता येणार नाही हे तो जाणून होता, पारूपासूनही त्याने ते कधी लपवलं नव्हतं. पण रोज दुपारी कुणाची तरी आई परत येते, एवढ्यावर दोघांचं भागत होतं.

पुढे पारू खालच्या आश्रमशाळेत गेली. मोबाईल बिघडला आणि गोष्टही थांबली.

यंदा मे महिन्यात आठवीची परीक्षा देऊन पारू सुट्टीला आली. वाटेने डोक्यावर पिशवी घेऊन चढणाऱ्या पोरीला पाहून पोशा उठून उभाच राहिला. क्षणभर त्याच्या तोंडून भलतंच नाव निघणार होतं. उन्हाने डोळे दिपले, असं तो नंतर स्वतःलाच म्हणाला. त्याच आठवड्यात जगदीशने नवा मोबाईल आणला आणि जुन्या मोबाईलमधलं मेमरी कार्ड त्यात घातलं. पिक्चर शाबूत होता.

दुपारी दोघं ओटीवर बसली. पोशाने जोरात सुरुवात केली. नदीला पूर आला, कोल्हीण दिसेनाशी झाली. "पल्याड गेली कंदाला," तो म्हणाला आणि थांबला. हूं आलंच नाही.

"पल्याड नाय गेली," पारू म्हणाली. शाळेत शिकून तिला आता हिंदी चांगली समजत होती. "मेली ती. कासव सांगतंय पिल्लाला, तुजी आय आता नाय येनार. तू एवढी वर्सं मला खोटं सांगितलंस, आजा!"

"मेली?" पोशाने विचारलं. "कोन बोललं?"

त्याचा चेहरा पाहून पारूचा राग जागीच विरला. आजाला हे आत्ता, तिच्याच तोंडून कळत होतं. पोशा उठला आणि शेळ्यांकडे गेला. लेकीला मातीत ठेवून आला तेव्हा चार माणसांत तो धड उभा होता. आज तो शेळीच्या पाठीवर हात ठेवून रडला. एका चित्रातल्या कोल्हिणीसाठी, असं लोक म्हणतील, म्हणोत बापडे. त्याची सुनिता दुसऱ्यांदा गेली होती.

संध्याकाळी जेवताना त्याने एकच विचारलं, "मग शेवटाला डोंगर उतरून येते ती कोन?"

 हिंदी समजू लागल्यापासून पारूने पिक्चर पुराच्या पुढे पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोबाईल घेऊन त्याच्याशेजारी बसली. "आज मी सांगते. तू हूं दे." पूर आला तेव्हा तिने काही लपवलं नाही. पोशाने जड आवाजात हूं दिलं. राख आली तेव्हा ती राखच म्हणाली. बर्फ म्हणायचं तिच्या जिवावर आलं. पिल्लू भटकलं, शिकार शिकलं, कासव थकलं. शेवटी डोंगरावर ती कोल्हीण दिसली. पारूने पिक्चर थांबवला.

"आय नाय ती, आजा. ती पिल्लूच हाय. मोठी झालीय. कान आयचा घेतलाय तिनं, म्हनून तू चुकलास."

पोशाने मोबाईल डोळ्यांपाशी नेला. मग बाजूला ठेवला आणि पारूकडे पाहत राहिला. सुनिताचीच उंची, तेच रुंद कपाळ, ऐकताना मान तिरकी करायची तीच खोड. वाटेवर उन्हाने डोळे दिपले नव्हते.

"हूं दे ना रं, आजा," पारू म्हणाली. "तुजं हूं नाय, तर पुढं कशी सांगू?"

"घरी आली नं पन?" त्याने विचारलं.

"आली."

"हूं," पोशा म्हणाला.