भाड्याने मिळालेली मावशी

मला सख्ख्या मावश्या दोन. तिसरी बारामतीत भाड्याने मिळाली आणि खरं सांगायचं तर मावशीपण जास्त तिनेच केलं. ती कधी बसलेली दिसायची नाही. ‘टेकते जरा,’ म्हणत भिंतीला पाठ लावायची आणि पाठ लागते न लागते तोच पुढच्या खोलीतून तात्यांची हाक यायची. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठायची. टेकायचं राहूनच जायचं.

तात्या म्हणजे तिचे यजमान. साखर कारखान्यात नोकरीला होते. लकव्याने उजवी बाजू गेली, पगार थांबला आणि औषधं सुरू झाली. लेकीच्या लग्नानंतर मागची खोली रिकामी होती. ती भाड्याने देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण घरात भाडेकरू म्हणजे तात्यांच्या लेखी अब्रूच गेली. धडधाकट असताना हा विषय एकदा निघाला, तर ते भरल्या ताटावरून उठून गेले होते म्हणे. आता डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना संताप येऊ देऊ नका, दुसरा झटका झेपायचा नाही.

मी इंदापूरची. बारामतीत एका लॅबमध्ये नोकरी लागली. रोज एसटीने जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला आला, म्हणून खोली शोधत होते. मावशीने दारातच अट घातली.

“त्यांना सांगितलंय, मावसबहिणीची पोरगी येनार हाय ऱ्हायला. तवा मला आगं-तुगं कर. आहो-जाहो केलंस की कळंल त्यांना.”

अनोळखी बाईला पहिल्याच दिवशी ‘ए मावशी’ म्हणताना माझी जीभ अडखळली. पुढे इतकी सवय झाली की बाहेर कुणाशी बोलतानाही मी ‘आमची मावशी’ म्हणू लागले.

भाडं स्वयंपाकघरात द्यायचं, तेही मिक्सर चालू असताना. एकदा मी विसरले आणि चांगल्या खणखणीत आवाजात ‘मावशी, या महिन्याचं भाडं’ म्हणाले. तिने हातातली परात सरळ खाली सोडून दिली. काय पडलं म्हणून तात्यांनी विचारलं, तर पोरीच्या हातून परात पडली म्हणाली. धांदरट म्हणून तात्यांची बोलणी मलाच बसली.

तात्या मला भाचीच्या हक्काने वागवत. यायला उशीर झाला की रागवत, सकाळी काही न खाता निघाले की परत बोलवत. दिवाळीला त्यांनी फर्मान काढलं, भाची रिकाम्या हाताने गावी जायची नाही, तिला साडी आणा. मावशी मुकाट्याने बाजारात जाऊन मोरपंखी साडी घेऊन आली. त्या साडीत माझंच भाडं गेलं होतं, हे आम्हां दोघींनाही कळत होतं. मी तिच्या हातात पैसे कोंबू लागले, तर तिने हात पदराखाली घेतला.

“भाचीला घेतलीया साडी. लेकीबाळीकडनं तिचं पैसं घेत्यात व्हय?”

चेहरा पार उतरलेला होता तिचा. मला तिचा रागही आला आणि वाईटही वाटलं. तात्यांना मालिश करायला येणारा माणूस त्या महिन्यात आला नाही. मालिश मावशीनेच केली.

दोन वर्षांनी मला इंदापुरात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी मावशी हळदीकुंकू आणायला आत गेली, तेव्हा तात्यांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं जड झालं होतं, एरवी निम्मं कळायचं नाही. त्या दिवशी शब्द न् शब्द कळला.

“खोली रिकामी ऱ्हायली तर तिचं भागायचं न्हाय. तुझ्यागत दुसरी भाची बघून दे. आन् मला ठाव हाय, हे तिला सांगू नगं. लई दमलीया ती.”

मावशी आली, मला कुंकू लावलं, हातावर नारळ ठेवला आणि तात्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, तुझ्या आईला म्हणावं मावशीने विचारलंय. तात्या छताकडे बघत राहिले.

माझ्या ओळखीने मोरगावची एक नर्स तिथे राहायला गेली. तीही भाचीच झाली. तिच्यानंतर आणखी एक. मावशीच्या मावसबहिणी वाढत चालल्या आणि तात्यांनी कधी हरकत घेतली नाही.

यंदा तात्या गेले. मी भेटायला गेले तेव्हा पुढच्या खोलीतली त्यांची कॉट भिंतीशी उभी करून ठेवली होती. गल्लीतली एक बाई भेटायला आली होती. माझ्याकडे बघत तिने विचारलं, ही कोण? आता लपवायचं तरी कुणापासून होतं? मला वाटलं, आता मावशी सुटली, खरं काय ते सांगून टाकेल.

“भाची हाय माझी,” मावशी म्हणाली. “इंदापूरची.”

आणि चहा टाकायला म्हणून गुडघ्यांवर हात ठेवून उठू लागली. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. म्हटलं, मावशी, तू टेक जरा.

चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा ती भिंतीला पाठ लावून तशीच बसलेली होती. हाक आली नव्हती.