एकाच गिअरमध्ये आलेली गाडी

"यल्लाप्पा, किल्ली खाली ठेव. वर मेडिकल बोर्ड बसलंय," मी म्हणाले.

ऐंशीच्या दशकात बेळगावच्या एका सरकारी दवाखान्यात मी ऑफिस सुपरिंटेंडेंट होते. यल्लाप्पा आमचा ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर. त्याचा डावा गुडघा आखडला होता, क्लच दाबता येत नव्हता. मुलांनो, तुमच्या तिकडं परदेशातल्या गाड्यांना क्लच नसतो. आमच्या गाड्यांत तो डाव्या पायाखाली असे. तो न दाबता गिअर बदलणं मुश्कील, आणि गाडी थांबवली की इंजिन बंद.

निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. राजीनामा दिला तर आधीची सगळी नोकरी बुडणार. वाट एकच होती, इनव्हॅलिड पेन्शन. मेडिकल बोर्डानं 'या कामाला कायमचा अनफिट' असं लिहून दिलं, तर वयाआधी पेन्शन मिळते. त्याच्या घरी बायको आणि शिकणाऱ्या दोन मुली. बोर्डाचे चेअरमन मात्र कडक. अर्धे लोक फक्त गेटच्या आत लंगडतात, असं त्यांचं मत.

त्या दिवशी बोर्डापुढं यल्लाप्पाचा नंबर यायचा होता, तेवढ्यात उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून फोन आला. फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाचा रस एका कामगाराच्या अंगावर उडाला होता. दुसऱ्या ड्रायव्हरला मीच सकाळी खानापूरला पाठवलं होतं. पोर्चमध्ये जुनी गाडी तेवढी उभी.

"साहेबांनी खिडकीतून बघितलं तर तू फिट ठरशील," मी म्हणाले. "पेन्शन गेलीच म्हणून समज."

"आक्का, रस उडालाय म्हंत्यात. पेन्शनचं मागनं बघू की."

फिलोमिना सिस्टर मागे बसल्या. शिपायांनी गाडी ढकलली, गचके खात ती गेटबाहेर पडली. चेअरमन खिडकीतच उभे होते.

"म्याडम, तुमचा लंगडा तर चालला!"

हातातली त्याच्या पेन्शनची फाईल मी मिटून ठेवली.

गाडी परत आली, ती दिसण्याआधी ऐकू आली. इंजिन जीव चालल्यासारखं ओरडत होतं. बोर्डाचे तिन्ही डॉक्टर खाली आले.

मधल्या वाटेची हकिकत सिस्टरांनी नंतर सांगितली. फाउंड्रीतल्या माणसांनी गाडी ढकलून दिली. तिनं वेग घेताच यल्लाप्पानं खाडकन सेकंड गिअर टाकला, तो शेवटपर्यंत बदलला नाही. कुठं थांबायची सोय नव्हती. थांबली असती तर तिथंच राहिली असती, आतल्या माणसासकट. म्हणून कामगार मोटारसायकलींवर पुढं सुटले. "सरका रं, सरका! गाडी थांबनार न्हाय!" रेल्वे गेटात मधोमध बैलगाडी होती. लोकांनी ती बैलांसकट ओढून बाजूला घेतली. चौकातल्या पोलिसानं चारी बाजूंची वाहनं अडवून धरली. सगळं गाव जणू त्याचा डावा पाय झालं होतं.

पोर्चमध्ये यल्लाप्पानं ब्रेक दाबला. इंजिन आचका देऊन बंद पडलं. पायरी हातभर लांब होती. स्ट्रेचर आत धावलं.

चेअरमन ड्रायव्हरच्या दाराशी गेले. "क्लच दाब बघू."

यल्लाप्पानं दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि क्लचवर ठेवला. पाय नुसता पडून राहिला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"जोर लाव."

"साहेब, दाबता आला असता तर गाडी अशी बोंबलली असती व्हय?"

चेअरमननी बॉनेटला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "म्याडम, याची तपासणी झाली. कागद आणा."

त्यांनी तिथंच, बॉनेटपासून जरा लांब उभं राहून सही केली. माझं लक्ष मात्र त्या गाडीवर होतं. एवढी नोकरी केली, पण दवाखान्याच्या दारात हात जोडावेसे वाटले ते त्या एकाच दिवशी.

कामगार वाचला. यल्लाप्पाला पेन्शन मिळाली. आणि मी, बोर्डाच्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरला गावाबाहेर पाठवणं कायमचं बंद केलं.