एल्डर फिनाऊला ताप होता त्या दुपारी

हे लिहू की नको, यातच चार महिने गेले. मी ब्लाऊज शिवणारी बाई. टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही आणि कुणी भुताखेताच्या, चमत्काराच्या गोष्टी सुरू केल्या की मशीन जोरात चालवते, म्हणजे ऐकूच येत नाही. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आता आहे का, तेही धड सांगता येत नाही…

आम्ही आदिलाबादला राहतो, मराठी घर. खाली मी, माझे मिस्टर आणि मामाजी – म्हणजे माझे सासरे, वय एक्याऐंशी, स्मरणशक्ती पार गेलेली. वरची खोली गेल्या वर्षी दोन मॉर्मन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या, मिशनरी मुलांना भाड्याने दिली. एल्डर फिनाऊ पॅसिफिक महासागरातल्या कुठल्याशा बेटावरचा, सव्वासहा फूट. त्याच्या पँटची उंची मीच वाढवून दिली होती, म्हणून माप पक्कं माहीत. दुसरा एल्डर प्रसाद, राजमहेंद्रीकडचा तेलुगू, चणीने बारका. एकोणीस-वीस वर्षांची पोरं आणि हाक मारायची 'एल्डर', म्हणजे ज्येष्ठ! मी दोघांच्या आईच्या वयाची, तर मला म्हणायचे 'सिस्टर'.

साडेसहाला उठून गच्चीवर जोर काढायचे, मग अभ्यास, मग पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी आणि दिवसभर पायी फिरणं. आदिलाबादच्या उन्हात टाय! सोमवारी कपडे धुणं, बाजार आणि घरी व्हिडिओ कॉल. फिनाऊची आई फोनमधून मला हात जोडायची, मीही जोडायची. आम्हाला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण पोरगं नीट जेवतंय ना, एवढं ती विचारतेय हे कळायचं.

आणि त्यांचा एक नियम – जोडीदाराला एकटं सोडायचं नाही, स्वतः एकटं कुठे जायचं नाही. कोथिंबिरीची जुडी आणायलाही दोघं! मी खूप चिडवायची त्यांना.

चहा त्यांना चालत नाही. मामाजींना हे रोज नव्याने कळायचं.

"काऊन रे पोट्ट्या, चाय नाई पेत?"

"चाय नको मामाजी, दूध," फिनाऊ म्हणायचा. त्याला येणारं एकमेव मराठी वाक्य. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि दोघंही रोज तितकेच खूश. मला फार लळा लागला होता त्या पोरांचा.

पावसाळा सरता सरता फिनाऊ तापाने फणफणला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण दुसऱ्या दुपारी अंगाला हात लावता येईना. मी बर्फ घेऊन धावत वर गेले आणि तासभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. तीनला खाली आले तर फाटक सताड उघडं. मामाजींची खाट रिकामी, चपला जागच्या जागी. फाटकाच्या कडीला मी रोज दोरी बांधते… त्या दिवशी घाईत बांधलीच नव्हती. चूक सर्वस्वी माझी.

मी खालूनच ओरडले, "प्रसाद, पळ, बस स्टँडकडे बघ!"

तो तिसऱ्या पायरीपर्यंत आला आणि थांबला. हिंदीत म्हणाला, "सिस्टर, त्याला एकट्याला सोडून मी नाही जाऊ शकत."

"म्हातारा माणूस हरवलाय आणि तू मला नियम सांगतोस? उद्याच्या उद्या खोली खाली करा!"

पोराचे डोळे भरून आले. पण जागचा हलला नाही.

मिस्टरांना फोन केला. ते गाडी घेऊन शोधायला निघाले आणि मला म्हणाले, तू घरीच थांब, परत आले तर कुणीतरी हवं. मी जिन्याच्या पायथ्याशी बसले. वरून उतरायला तेवढा एकच जिना. वर प्रसाद पट्ट्या पिळत होता, तो आवाजही येत होता.

साडेचारला फाटकाशी ऑटो थांबला आणि आतून मामाजी उतरले. मी तर रडायलाच लागले.

ऑटोवाला म्हणाला, "ताई, बुवा तुमचेच नं? तुमच्या वरच्या त्या दोन पोट्ट्यायनं बसवून देल्लं. गुडीहत्नूरच्या फाट्यावरून आणून राह्यलो."

"कोणत्या पोट्ट्यांनी?"

"पांढरे शर्टवाले. एक तर केवढा उंच! त्यायनंच पत्ता सांगतला."

गुडीहत्नूर गाडीने अर्ध्या तासाच्या रस्त्यावर, मामाजी स्टँडवरून एखाद्या बसमध्ये चढले असावेत. मी धावत जिना चढून पाहिलं. दारात प्रसाद उभा, हातात ओली पट्टी. त्याच्यामागे फिनाऊ तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला.

मामाजी अनवाणी गेले होते, पण पाय स्वच्छ होते. म्हणाले, "त्या मोठ्यानं धुतले. मी म्हनलं राहू दे, आयकेच ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही नवरा-बायको फाट्यावर गेलो. तिथला चहावाला सांगू लागला, "बारका तेलुगूत बोले. मोठ्याले चाय देल्ली, तर म्हने, 'चाय नको, दूध.' ऑटो भेटेपर्यंत बसले बुवाजवळ."

दुसरी एखादी जोडी असेल म्हणून प्रसादने त्यांच्या वरिष्ठांना विचारलं. अख्ख्या जिल्ह्यात यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

फिनाऊ बरा झाला. ऐकून हसला, मोडक्या हिंदीत म्हणाला, "मी तर झोपलो होतो!" प्रसाद मात्र हसला नाही. मी शिरा करून वर नेला, बोलले त्याची माफी मागितली. त्याने मान खाली घालून खाल्ला.

दोन महिन्यांनी प्रसादची बदली झाली. बॅग ऑटोत ठेवून तो माझ्यासमोर उभा राहिला, शेजारी अर्थात फिनाऊ.

"सिस्टर," तो म्हणाला, "त्या दिवशी मी पायरीवर थांबलो खरा, पण जीव नुसता मामाजींच्या मागे धावत होता. मग मी नियम पाळला की मोडला?"

मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा. मी पुढे झाले आणि त्याला पोटाशी धरलं. त्यांना बायकांना मिठी मारायची परवानगी नसते, हे मला ठाऊक होतं. तो नियम मी मोडला, एवढं मात्र नक्की सांगते.