ईनासच्या गळ्यातली सासू-सून

सलूहा सार्डिनच्या कारखान्यात माशांची डोकी उडवायच्या कामाला होती. ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या बंदराकडे जाणारी कामगारांची गाडी ती उजाडायच्या आत पकडायची, तेव्हा तिची लेक ईनास गाढ झोपेत असायची. संध्याकाळी आई परत आली की ईनास नाक धरून लांब पळायची. दिवसभर पोर असायची आजीजवळ, म्हणजे सलूहाच्या सासूजवळ. वसीला तिचं नाव. तिला अक्षरओळख नव्हती, पण तिला मत नाही असा विषयही गल्लीत सापडला नसता. आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे ती सगळी मतं मला तोंडपाठ होती.

ईनास पाच वर्षांची होत आली, शाळेच्या बालवर्गाचे वेध लागले, आणि सलूहाला घोर लागला. पोरीला अरबी अक्षरं कोण शिकवणार? नवरा शाद्ली बस चालवायचा आणि घरी आल्यावर जेवणापुरतं तोंड उघडायचा. शेवटी त्यानेच बाजारातून एक एमपीथ्री आणला. काडेपेटीएवढं यंत्र, गळ्यात अडकवायला दोरी, आणि एक बटण दाबलं की आपला आवाज भरून घेणारं.

"यात बोल," तो बायकोला म्हणाला. "तुला बोलायचा कंटाळा नाही."

सलूहाने मनावर घेतलं. रोज संध्याकाळी कुसकुस वाफेवर ठेवून ती धडे भरू लागली. एका हातात डाव, दुसऱ्यात यंत्र. आणि दुसऱ्या दिवशी ईनास गळ्यात दोरी, कानात बोंडं घालून अंगणातल्या बदामाखाली बसायची, ओठ हलवत. वसीला मला म्हणायची, "बघ, पोरगी बहिरी होणार. वर आईचं ऐकून वेडी होणार ते वेगळंच."

प्रवेशाच्या दिवशी सलूहाला सुट्टी मिळाली नाही. नातीला घेऊन वसीला गेली, आणि सोबतीला मी. मुख्याध्यापिका मादाम बसीमा फार गोड बाई. तिने ईनासला जवळ घेतलं. "अक्षरं येतात का गं?"

ईनास ताठ उभी राहिली आणि सुरू झाली.

"अलिफ, अर्नब, ससा. बा, बत्ता, बदक. ता, तुफ्फाहा, सफरचंद, थांब हं, गॅस बारीक करते, नाहीतर म्हातारी म्हणेल करपवलं. था, थालब, कोल्हा. कोल्हा कसा असतो? तुझ्या आजीसारखा, दाराआड उभा राहून ऐकतो. जीम, जमल, उंट..."

आवाजातले चढउतारसुद्धा थेट सलूहाचे. मादाम बसीमाने रुमाल तोंडाला लावला आणि खोकल्याचं सोंग केलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. वसीला हलली नाही. सगळं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "घेतलं ना पोरीला?"

"घेतलं, लल्ला वसीला," ती मानाने म्हणाली. "उच्चार फार स्वच्छ आहेत."

"असणारच," वसीला म्हणाली.

वाटेत ती नातीचा हात धरून भराभर चालत होती. मला वाटलं, आज त्या घरात भांडी उडणार. पण घरी आल्यावर तिने ईनासला मांडीवर घेतलं आणि लाडात विचारलं, "बाळा, यात बोलायचं बटण कुठलं गं?"

संध्याकाळी सलूहा पुढचा धडा भरायला बसली. आधी कालचा ऐकावा म्हणून तिने बोंडं कानात घातली, तर सासूचा आवाज. "हा, हिमार, गाढव. गाढवाला सकाळी गाडीत घालून नेतात आणि संध्याकाळी आणून सोडतात. येताना ते मासे आणत नाही, नुसता वास आणतं."

सलूहाने शांतपणे बटण दाबलं. "खा, खरूफ, मेंढा. म्हातारा झाला तरी टक्कर द्यायची खोड जात नाही."

असा तो अभ्यासक्रम चालू झाला. वसीलाला अक्षरं येत नव्हती, म्हणून आधी ती सुनेचे जुने धडे मन लावून ऐकायची. जेवायला बसल्यावर दोघी एकमेकींना भाकरी पुढे करायच्या, मीठ विचारायच्या. आवाज चढेनासा झाला. शाद्ली मला कौतुकाने सांगायचा, "पाहिलंत? लेकीच्या अभ्यासामुळे घराला वळण लागलं."

हिवाळ्यात सलूहाचा हात कारखान्यात कापला. पट्टी बांधून ती घरी आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ईनासने स्वतःच बोंडं तिच्या कानात घातली. यंत्रात वसीला होती. "सीन, सिक्कीन, सुरी. सुरीने तुझ्या आईचा हात कापलाय. तिला भांड्यांना हात लावू देऊ नकोस. मी सांगितलं तर हट्टाने घासत बसेल. जवाचं सूप केलंय. तिला सांग, मी मागितलं म्हणून आजीने केलं."

सलूहाने ते पुन्हा लावून ऐकलं. मग उठून दोन वाट्यांत सूप वाढलं आणि एक वाटी सासूपुढे ठेवली.

"मीठ कमी आहे, लल्ला," ती म्हणाली.

"हात कापलाय, जीभ नाही कापली," वसीला म्हणाली आणि मीठ पुढे सरकवलं.

वर्षअखेरीला ईनास वर्गात बोलण्यात पहिली आली. मादाम बसीमाने पालकांच्या सभेत सलूहाला उभं केलं. "घरच्या घरी एवढी भाषा कशी शिकवलीत, ते इतर आयांना सांगा."

एवढी बोलकी सलूहा लालबुंद होऊन यंत्राबद्दल काहीतरी पुटपुटली. तेव्हा मागच्या बाकावरून वसीला उठली. "रोज एक अक्षर शिकवायचं, आणि त्याच्यापुढे एक खरी गोष्ट सांगायची. खोटं पोरांच्या लक्षात राहत नाही."

आयांनी माना डोलावल्या. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या तीन घरांत तसली यंत्रं आली. त्यातल्या दोन घरांत सासू-सुनांच्या चुली वेगळ्या झाल्या. तिसऱ्या घरातलं पोर अजून बोलत नाही, कारण त्याचे आईवडील यंत्रात नुसतीच अक्षरं भरतात.