नाक्याबाहेरचा नळ

गोपिका कोष्टी नागपूरच्या जकात नाक्याबाहेरच्या वस्तीत राहायची. विणलेली लुगडी शहरात न्यायची तर नाक्यावर जकात भरावी लागे. नगरपालिकेचे नळ मात्र नाक्याच्या आतच संपत. वस्तीला एक विहीर, तीही उन्हाळ्यात गढूळ. १९३४ साली पटकीची साथ आली आणि तिची धाकटी जाऊ तारा दोन दिवसांत गेली.

तेरवी आटोपताच गोपिकाने नगरपालिका गाठली. सभासद गिरिधरपंतांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमची वस्ती हद्दीबाहेर. घरपट्टी तुम्ही देत नाही. बाजार, दवाखाना मात्र शहराचाच वापरता. गिरण्या मंदावल्यात, शहराचाच हात आखडलाय."

"अन् आमची जकात?"

पंतांनी मान डोलावली. "तेही खरंच आहे."

"मंग आमाले हद्दीत घ्या. आमी घरपट्टी देतो, तुमी नळ द्या."

"वस्ती तयार असेल तर मी ठराव मांडतो."

ती जवळजवळ पळतच घरी आली. संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे सारी वस्ती जमली. तिचे सासरे महादेवराव वस्तीचे मुखिया. सुनेचं म्हणणं ऐकून ते भडकले.

"काहून वं, पट्टी स्वतःहून गळ्यात बांधून राहिली? दरसाल वाढवतीन ते."

सासऱ्यांपुढे ती पहिल्यांदाच बोलली. "मामाजी, जकात तं आपन देतोच, पन आपल्याले कोनी विचारत नाही. हद्दीत गेलो तं आपलाही मानूस सभेत बसन. पट्टी वाढवली तं काहून वाढवली, हे विचारन."

कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात ताराचा नवरा रुपराव उठला. "मी देतो घरपट्टी," एवढंच म्हणाला. मग एकेक हात वर होत गेला. शेवटी महादेवरावांचाही झाला.

नगरपालिकेत ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. पुढच्या वर्षी नळ सुरू झाला त्या दिवशी वस्तीत एकही माग चालला नाही. तोटीतून आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबूस आणि मग स्वच्छ पाणी आलं. बाया हसत होत्या, एकमेकींना भिजवत होत्या. तेवढ्यात नाक्याच्या आतल्या बाया घागरी घेऊन आल्या. पाणी वस्तीकडे वळल्याने त्यांच्या नळाला धार उरली नव्हती. वस्तीतल्या काहीजणी कुरकुरल्या.

"भरू द्या," गोपिका म्हणाली. "त्याही पट्टी देतेतच ना."

वस्तीचा सभासद निवडायची वेळ आली तेव्हा महादेवरावांनीच सांगितलं, "आमची सून उभी राहीन."

गोपिका निवडून आली. पहिल्या सभेला जाताना तिने स्वतः विणलेलं नवंकोरं लुगडं नेसलं होतं, आणि रुपराव पुढे होऊन गर्दीतून तिच्यासाठी वाट करत होता.