क्लीनर साईडची जागा

आमच्या घरी गेम खेळायचा कॉम्प्युटर आला, आणि तो कॉलेजातल्या कोणा पोराचा नाही, आमच्या ह्यांचा. हसा खुशाल. आधी मीही हसले होते.

गडचांदूरहून सिमेंट भरलेले ट्रक नेण्यात ह्यांचं आयुष्य गेलं. मग एक डोळा अधू झाला, जड गाडीचं लायसन्स पुन्हा मिळालं नाही, आणि हे घरी बसले. बसले म्हणजे ओट्यावर खुर्ची टाकून, रस्त्याकडे तोंड करून. ट्रक दिसायच्या आधीच आवाजावरून ओरडायचे, "अबे, गिअर बदल ना! इंजिन रडून राह्यलं तुयं!" पुढे ओरडणंही थांबलं. भाजीत मीठ विसरले तरी मुकाट्यानं जेवायला लागले, तेव्हा मात्र मी घाबरले. हा माणूस बिनमिठाचं गप खाणारा नव्हे.

पोरगी पुण्याला नोकरी करते. तिनं फोनवर सांगितलं, "आई, ट्रक चालवायचा गेम असतो. खरं स्टिअरिंग, खाली क्लच, ब्रेक, सगळं जोडता येतं. बाबाले घेऊन देऊ."

मला कल्पना आवडली, पण धाकधूक एकच होती. बाई वो, ह्यांना ही थट्टा वाटली तर? मग त्या खुर्चीतून त्यांना कोणी उठवू शकणार नव्हतं.

डोळे तपासायचं निमित्त करून ह्यांना चंद्रपूरला नेलं आणि येताना कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले. पोरगी व्हिडीओ कॉलवर होतीच. दुकानदारानं काचेचं कॅबिनेट पुढे केलं, आत लाल-निळे दिवे फिरत होते.

"अरे भाऊ, मले काय वरात काढाची हाय?" मी म्हटलं. "दिवे काढ. थे पैसे दुसरीकडं लाव."

कॉम्प्युटर ना फार महागाचा ना अगदी रडका, मधला बसवायचा होता. दुकानदार भारीतल्या ग्राफिक्स कार्डावर अडून बसला. पोरगी म्हणाली, ट्रकच्या गेमला मधलं कार्ड पुष्कळ झालं, प्रोसेसरही त्याच्या जोडीचा घे, रॅम सोळा जीबी, आणि पॉवर सप्लाय मात्र चांगल्यातला, आपल्याकडे लाईटीचा भरवसा नाही. मी म्हटलं, सगळं कबूल, पण स्क्रीन मोठा पाहिजे. एका डोळ्यानं बघणारा माणूस आहे माझा. स्क्रीन आणि स्टिअरिंग ह्यात मी कोणाच्या बापाचं ऐकणार नव्हते.

एवढ्यात ह्यांनी विचारलं, "कोणासाठी चाललं हे?"

"तुमच्यासाठी."

काउंटरवरच्या स्टिअरिंगकडे त्यांनी पाहिलं. "मले खेळणं देऊन राह्यली का तू?" असं म्हणून ते सरळ दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

पोरगी फोनमधून "आई, राहू दे" म्हणायला लागली. मला ह्यांचा राग आला आणि रडूही आलं. दुकानदाराला म्हटलं, "तू बिल कर. घरी काय भांडाचं थे मी भांडतो."

तो खोकं बंद करत होता, तेव्हा दारातून आवाज आला, "ह्याले हवा कुठून लागते?"

दुकानदारानं कॅबिनेटच्या पुढचा पंखा दाखवला. हे आत आले, वाकले, बोट फिरवलं. "जाळी कुठी हाय? आमच्या गावात सिमेंटची धूळ हाय बाप्पा, बिनजाळीचं चार दिवसात गुदमरून जाईन हे." मग दुकानातली सगळी कॅबिनेटं खाली उतरवली गेली. ज्याची जाळी ओढून काढता येते, झटकून परत लावता येते, असं एक साधं काळं कॅबिनेट ह्यांनी स्वतः निवडलं आणि सगळं त्यात बसवून झाल्यावर स्वतःच उचलून बाहेर आणलं. मी मागून चालत होते, माझं हसू काही लपत नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी आंघोळ केली. नवी गाडी पूजेशिवाय सुरू करायची नाही, हा ड्रायव्हर लोकांचा नियम. हळदीकुंकू झालं, नारळ फुटला. आता लिंबं चाकाखाली पाहिजेत. कॉम्प्युटरच्या टेबलाला चार चाकं होती, सुपारीएवढी! ह्यांनी प्रत्येकापुढे एकेक लिंबू ठेवलं आणि दिला जोर. चाक लिंबावर चढेना, टेबल तिरपं झालं, स्क्रीन डुलायला लागला. "माय वो!" करून मी स्क्रीनला मिठीच मारली. पोरगी फोनवर पोट धरून हसत होती. शेवटी लिंबं विळीनं अर्धी केली, तेव्हा कुठे टेबल त्यांच्यावरून गेलं आणि घरभर रस झाला.

मग हे बसले. स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. पहिल्याच वळणावर ट्रक नाल्यात घातला आणि अशी शिवी हासडली की माझा जीव भांड्यात पडला. माणूस परत आला होता.

आता एक सांगते. इतकी वर्षं ह्यांनी ट्रक चालवला, पण मी त्यात कधी बसले नाही. मालकाचा नियम होता, बायकापोरांना बसवायचं नाही. माझं माहेर आलापल्ली, सागाच्या घनदाट जंगलातलं. दरवेळी हे म्हणायचे, "एक दिवस तुले गाडीतून नेतो," आणि दरवेळी मी एसटीनं जायची.

ट्रक नीट चालायला लागला तसं ह्यांनी पायानं स्टूल ओढून डाव्या बाजूला सरकवलं. "ये. क्लीनर साईडले बस."

मी हात पुसून बसले. रस्ता परदेशातला होता, पण पुढे दोन्हीकडून उंच झाडं आली, दाट. ह्यांनी वेग कमी केला, हॉर्न वाजवला. "घे, तुयं आलापल्ली आलं. उतराचं हाय का?"

मी पदर खोचून स्टुलावर आणखी नीट बसले.

"नाई," म्हटलं, "चालू द्या गाडी."