तू बंद, मी चालू

"नाव मग सांग. आधी हात दे."

आमच्या प्रयोगशाळेत कोणीही आलं की मॅडम आधी त्याचं मनगट धरायच्या. विद्यार्थी, टपालवाला, मीटर पाहायला आलेला माणूस, एकदा तर मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेला एक बिचारा बाप. दोन बोटं मनगटावर, नजर छताकडे. समोरचा माणूस उगाच घाबरायचा. घाबरला की नाडी वाढायची आणि नाडी वाढली की मॅडम विचारायच्या, "एवढी धडधड? काय चोरून आणलं गा?"

नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात ही व्यायामशास्त्राची प्रयोगशाळा. मी तिथला टेक्निशियन. धावपटूंच्या छातीला तारा चिकटवायच्या, तोंडाला मुखवटा बांधायचा आणि समोरचा माणूस हात वर करून "बस" म्हणेपर्यंत ट्रेडमिलचा वेग वाढवत न्यायचा, हे माझं काम. मॅडम नव्या विद्यार्थ्यांना ते असं समजावून सांगत : "आपलं शास्त्र सोपं आहे. निरोगी माणसाले जवळजवळ मारायचं आणि कुठे थांबलो ते लिहून ठेवायचं."

सरावानं हृदय कसं बदलतं, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. आणि स्वतः मॅडम? गोल. पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्ट. लिफ्ट बंद, तर लेक्चर बंद. कोणी हिंमत करून विचारलंच, तर उत्तर तयार असे. "हलवाई काय दिवसभर पेढे खात बसते का?"

नवी ट्रेडमिल आली तेव्हा उद्घाटनाला एक पुढारी आले होते. त्यांना फक्त मशीनवर उभं राहून फोटो हवा होता. मॅडम म्हणाल्या, "तारा लावल्याशिवाय फोटो खोटा दिसेल साहेब." तारा चिकटायच्या तर छातीवरचे केस काढावे लागतात. वस्तरा माझ्या हातात. साहेबांची छाती म्हणजे गोरेवाड्याचं जंगल. मी जागोजागी चौकोन पाडले. फोटो छान आला, पण साहेब नंतर बरेच दिवस शर्टाचं वरचं बटण लावून फिरत होते म्हणे.

अशा या बाईंना कोणी कधी गप्प केलेलं मी पाहिलं नव्हतं. ते काम उमरेडच्या एका पोरीनं केलं.

पोरगी पाच हजार मीटर पळायची. वडील पूर्वी हातमागावर बसत, आता कोळसा खाणीच्या गेटवर पहारा देत होते. राज्याच्या शिबिरासाठी तिची निवड जवळजवळ ठरलेली होती, फक्त डॉक्टरी दाखला बाकी होता. त्यासाठी तिचे कोच तिला आमच्याकडे घेऊन आले. मी तारा लावल्या, हृदयाच्या आलेखाचा कागद बाहेर आला, मॅडमनी तो उजेडाकडे धरला आणि काहीच बोलल्या नाहीत. मॅडम बोलत नाहीत म्हटल्यावर मला घाम फुटला.

हृदयाच्या डॉक्टरांकडे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. ते म्हणाले, "हृदयाची भिंत जाड आहे. सरावानं झाली असेल, तर उत्तम हृदय आहे. आजार असेल, तर पळता पळता काहीही होऊ शकतं. आज या चित्रावरून मी सांगू शकत नाही."

मॅडमनी पोरीच्या वडिलांना बोलावून घेतलं. "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं होतं का?"

"हिचा मामा," वडील म्हणाले. "कबड्डी खेळता खेळता पडला. ऊन लागलं म्हणत होते."

"कोणत्या महिन्यात?"

"संक्रांतीच्या टायमाले."

"संक्रांतीले ऊन लागलं?"

वडील टोपी हातात घेऊन पोरीकडेच पाहत राहिले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या घरात कोणी विचारलाच नव्हता.

कोचनी शेवटचा प्रयत्न केला. "मॅडम, नुसतं फिट एवढंच लिहा."

"तुम्ही लिहा ना. खाली सहीही तुम्हीच करा."

कोचनी उठून पाणी प्यायलं. मग पोरगी उसळली. "लिफ्टपासून खुर्चीपर्यंत येता, तर धाप लागते तुमाले. अन् तुमी सांगून राहिल्या मले, दिल कसं सांभाळाचं ते?"

मी तातडीनं ट्रेडमिल पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

मॅडम खुर्चीत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "पॉइंट बरोबर आहे." आणि तिला खुर्ची पुढे ओढून देत, "ऐक वं. सरावानं वाढलेली भिंत आराम केला की उतरते. आजाराची उतरत नाही. तीन महिने पळणं बंद. मग पुन्हा इको. तोवर मले काही माहीत नाही, त्या डॉक्टरलेही नाही."

"तीन महिने मी काय करू?"

"मले चालव. तू बंद, मी चालू."

पोरगी नागपुरात नंदनवनला मावशीकडे राहायला आली. रोज सकाळी सिटी बसनं कॉलेजच्या मैदानावर यायची आणि गळ्यात शिट्टी अडकवून पायरीवर बसायची. मॅडमनी जरीपटक्याच्या बाजारातून बूट आणले, गुलाबी, अंधारात चमकतील असे. "सेलमध्ये हाच रंग होता," त्या मला म्हणाल्या. मी काही विचारलंही नव्हतं.

तुम्ही मैदानावर चालणारी माणसं पाहिली असतील. मॅडम चालत तसं कोणी चालताना पाहिलं नसेल. चार पावलं झाली की त्या थांबून शास्त्रीय मुद्दा काढत. शिट्टी वाजे. "मॅडम, तोंड नाही, पाय!" पुन्हा शिट्टी. "हात कायले मागं बांधले? चोरी केली काय?" पोरीनं त्यांचाच सूर उचलला होता. मुलांना ही गंमत कळली आणि सकाळच्या तासाआधी कठड्यावर प्रेक्षक जमू लागले. ज्या बाईंनी शेकडो पोरांना दम लागेपर्यंत पळवलं होतं, त्यांना दम लागताना सगळ्यांना पाहायचं होतं. मॅडम त्यांच्याकडे पाहून ओरडत, "हसा! परीक्षेत भेटू!"

हळूहळू शिट्ट्या कमी झाल्या. एक दिवस मॅडम पूर्ण फेरी न थांबता चालल्या आणि पोरगी पायरीवरून उठून टाळ्या वाजवू लागली.

मग शिबिराची यादी लागली. तिच्या जागी दुसरीच मुलगी होती. दुसऱ्या दिवशी पोरगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मॅडमनी मला सोबत घेतलं आणि आम्ही एसटीनं उमरेडला गेलो.

ती अंगणातच सापडली. चेहरा लाल, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"पळली?"

"थोडंसं."

मॅडमनी हात पुढे केला. तिनं आपला हात मागं घेतला. "मरीन तर मी मरीन. तुमचं काय जाते?"

तिची आई दारात उभी होती. तिच्याच भावाचं ते कबड्डीचं मरण. ती उंबऱ्यावरच खाली बसली. मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे वळल्या.

"माझं काय जाते? माझी सलवार सैल होऊन राहिली आहे. तू गेली तर शिट्टी कोण मारेन? मी पुन्हा फुगीन. मग नवीन कपडे तुझा बाप शिवून देईन का?"

आधी वडील हसले. मग पोरीला हसू आलं आणि हसताना ती मोठ्यानं रडायला लागली. मॅडम तिच्याजवळ बाजेवर बसल्या. बाज कुरकुरली. रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "तुमाले वाटते का, मले बिमारी आहे?"

"नाही माहीत वं. माहीत असतं तर फोनवर सांगितलं असतं. बसमध्ये एवढे धक्के कायले खाल्ले असते?"

त्यांनी खोटा धीर दिला नाही. मला वाटतं, म्हणूनच ती परत आली. आरामाचे दिवस मात्र पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले, त्यावरून दोघींचं बसमध्ये नंदनवनपर्यंत भांडण चाललं.

दुसऱ्या इकोच्या दिवशी मॅडमनी पडद्याकडे पाहिलंच नाही. खोलीत भिंतीवर तंबाखूविरोधी पोस्टर होतं, तेच त्या वाचत उभ्या राहिल्या. चार ओळींचं पोस्टर त्यांना संपता संपेना.

"उतरली," डॉक्टर म्हणाले. "भिंत उतरली. सरावाचंच हृदय आहे. मामाचं काय झालं ते आता कळणार नाही, म्हणून दरवर्षी दाखवत जा. पण पळ."

पोरीनं सदरा नीट केला. "म्हणजे मी पहिल्यापासूनच चांगली होती?"

"हाव," मॅडम म्हणाल्या.

"मग शिबिर फुकटच गेलं."

"हाव. फुकट गेलं."

ती उठली आणि निघून गेली. मॅडम परतीच्या रिक्षात एवढंच म्हणाल्या, "रागावू दे. जिवंत आहे, रागावणारच."

दुसऱ्या सकाळी शिट्टी मारायला कोणी नव्हतं, तरी मॅडम मैदानावर गेल्या. अर्धी फेरी झाली असेल, तेवढ्यात मागून आवाज आला, "साइड द्या, मॅडम!" आणि पोरगी त्यांना घासून पुढे गेली. पुढच्या फेरीत पुन्हा. त्या दिवशी मॅडमना तिनं किती वेळा मागं टाकलं कोण जाणे. दर वेळी मॅडम तिला शिव्या घालत होत्या आणि त्यांचा चेहरा, माफ करा, लग्नातल्या करवलीसारखा फुलला होता.

पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि मुलाकडे पुण्याला राहायला निघाल्या. त्यांच्या खुर्चीत आता एक सर आहेत. सज्जन आहेत. सगळ्यांना "प्लीज" म्हणतात. प्रयोगशाळा इतकी शांत झाली आहे की यंत्रांचा आवाज ऐकू येतो.

मॅडम गेल्या त्या दिवशी राज्याच्या शिबिराची निवड चाचणी होती. सामान रिक्षात ठेवून त्या माझ्याबरोबर मैदानाच्या जाळीशी येऊन उभ्या राहिल्या. शेवटच्या वळणावर पोरगी दुसरी होती. दुसरीच आली. रेषा ओलांडून ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि तशीच राहिली. वर उठेना.

मॅडमनी जाळी धरली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय पाहून राहिला? तिकडे पाह्य."

पोरीनं मान वर केली. बाजूला थुंकली आणि पहिल्या आलेल्या मुलीकडे पाहून एक अस्सल उमरेडी शिवी हासडली. तिकडचे पंच दचकले.

मॅडमनी जाळी सोडली. तळहातावर गंजाचे चौकोन उमटले होते. ओढणीला हात पुसत, मागं न पाहता त्या रिक्षाकडे चालू लागल्या.